स्ट्राइक शिवलाही नाही, तरी बारा हजार गेले: एमसीएक्सवर क्रूड आणि गॅसचे ऑप्शन विकण्याचा हिशेब

समजा, एमसीएक्स या वस्तूंच्या वायदेबाजारात क्रूडचं, म्हणजे कच्च्या तेलाचं, फ्युचर (पुढच्या तारखेचा सौदा) ५,८०० रुपयांवर आहे आणि ऑप्शनच्या एक्सपायरीला, म्हणजे मुदत संपायला, २० दिवस आहेत. तुम्ही ६,३०० चा कॉल, म्हणजे ६,३०० या ठरलेल्या भावाने (स्ट्राइकने) फ्युचर विकत घेण्याचा हक्क, ४१ रुपयांना विकला. लॉट १०० बॅरलचा, म्हणजे ४,१०० रुपये प्रीमियम जमा. भाव पाचशे रुपये चढेपर्यंत आपल्याला धक्का नाही, या हिशेबाने रात्री साडेअकराला स्क्रीन बंद केली. सकाळी क्रूड ५ टक्के वर उघडलं, ६,०९० ला. स्ट्राइक अजून २१० रुपये लांब आहे. पण तुमचा ४१ चा कॉल १६२ ला चालू आहे आणि एका लॉटमागे १२,१०० रुपयांचा तोटा दिसतोय. सगळं मनासारखं झालं असतं तरी मिळणार होते ४,१००.

हे १६२ अंदाजपंचे धरलेले नाहीत. फ्युचरवरच्या ऑप्शनची किंमत काढायला ब्लॅक-७६ नावाचं सूत्र वापरतात, त्यात हे आकडे घालून बघा. काल आयव्ही (इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, भाव किती हलेल याचा बाजाराचा अंदाज) ३५ टक्के होती, आज भीतीपोटी ४५ झाली. आयव्ही ३५ वरच राहिली असती तर हा कॉल ११० च्या आसपास असता. म्हणजे ६९ रुपये भाव चढल्यामुळे वाढले आणि वरचे ५२ निव्वळ घबराटीचे. नवा विक्रेता फक्त स्ट्राइककडे बघत बसतो आणि हे ५२ रुपये त्याच्या हिशेबातच नसतात.

आयव्ही म्हणजे वर्षभरात भाव किती हलेल याचा बाजाराने प्रीमियममध्ये भरलेला अंदाज. तो आपल्या मुदतीपुरता करायचा तर उरलेल्या दिवसांना ३६५ ने भागून वर्गमूळ काढायचं आणि आयव्हीने गुणायचं. २० दिवसांसाठी ३५ टक्क्यांचे होतात साधारण ८.२ टक्के, म्हणजे ५,८०० वर ४७५ रुपये. ढोबळमानाने तीनपैकी दोन वेळा भाव ५,३२५ ते ६,२७५ या पट्ट्यात राहावा, असं बाजार म्हणतोय. आता ६,३०० च्या कॉलकडे बघा. तो लांब वगैरे काही नाही, पट्ट्याच्या कुंपणालाच टेकून उभा आहे. त्याचा डेल्टा (फ्युचर एक रुपया हललं तर ऑप्शन किती हलतो ते प्रमाण) ०.१७ च्या घरात आहे, म्हणजे आजच्या भावाने साधारण सहात एकदा हा कॉल पैशात जाणार, भाव स्ट्राइकच्या वर संपणार. स्ट्राइक निवडण्याआधी हे एक गणित कागदावर करायला दोन मिनिटं लागतात आणि ती खर्च करावीत.

विकतोय ते नेमकं काय

एमसीएक्सवर क्रूडचे ऑप्शन मे २०१८ मध्ये आले, नॅचरल गॅसचे जानेवारी २०२२ मध्ये. क्रूडचा लॉट १०० बॅरल, गॅसचा १,२५० एमएमबीटीयू (गॅस मोजायचं उष्णतेचं एकक). दोन्हींचे मिनी सौदेही आहेत, १० बॅरल आणि २५० एमएमबीटीयूचे. भाव रुपयांत असला तरी त्याचा धनी अमेरिकेत बसलेला आहे. क्रूडचा भाव न्यूयॉर्कच्या नायमेक्स या वायदेबाजारातल्या डब्ल्यूटीआय तेलाच्या मागे चालतो, गॅसचा लुइझियानातल्या हेन्री हबच्या. वर डॉलर-रुपयाचा दर. तेल जागचं हललं नाही आणि रुपया घसरला, तरी कॉल विकणाऱ्याच्या खात्यातून थोडे पैसे जातात.

निफ्टीचे ऑप्शन विकून हात बसलेली मंडळी इथे एका गोष्टीवर हमखास चुकतात. निफ्टीत या महिन्याचा आणि पुढच्या महिन्याचा ऑप्शन एकाच निर्देशांकावर असतो. क्रूडमध्ये तसं नाही. प्रत्येक महिन्याचा ऑप्शन त्याच महिन्याच्या फ्युचरवर असतो आणि दोन महिन्यांच्या फ्युचरचे भाव वेगवेगळे असतात. गॅसमध्ये तर हिवाळ्याच्या तोंडावर दोन लागोपाठच्या महिन्यांत खूप मोठा फरक पडतो. त्यामुळे ‘जवळचा विकला, लांबचा घेतला, म्हणजे हेज झालं’ (तोट्यापासून संरक्षण मिळालं) हे इथे पूर्ण खरं नाही. जवळच्या महिन्याचं फ्युचर तापलं आणि लांबचं थंडच राहिलं, तर हेज जागेवर असूनही तोटा होतो. तोट्यातला ऑप्शन पुढच्या महिन्यात ‘रोल’ करतानाही हेच लक्षात ठेवायचं. तुम्ही सौदा पुढे ढकलत नाही, जुना तोटा पक्का करून वेगळ्या मालावर नवा सौदा करताय.

आणि हा प्रीमियम देतो कोण? क्रूडमध्ये पुट, म्हणजे ठरलेल्या भावाने विकण्याचा हक्क, घेणारा मोठा खरेदीदार म्हणजे तेल काढणारा. अमेरिकेतल्या शेल कंपन्या भाव पडण्याची भीती म्हणून पुट घेतात आणि त्याचा खर्च भागवायला कॉल विकतात. मेक्सिकोचं सरकार तर आपल्या तेलाच्या महसुलासाठी वर्षानुवर्षं पुट विकत घेत आलंय. म्हणून शांत काळात क्रूडमध्ये खालच्या पुटची आयव्ही तेवढ्याच लांबच्या कॉलपेक्षा सहसा जास्त असते. आखातात तोफा वाजायला लागल्या की हे चित्र उलटतं आणि कॉल महागतात. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराणमध्ये भडका उडाला तेव्हा १३ जूनला डब्ल्यूटीआय एका दिवसात ७ टक्क्यांहून अधिक चढलं आणि दहा दिवसांनी, २३ जूनला, तेवढंच एका दिवसात उतरलं. कॉलचा प्रीमियम फुगला म्हणून जो १३ ला दुपारी विकायला धावला त्याला मधले दहा दिवस काढता आले का, एवढाच प्रश्न होता. आयव्ही चढत असताना विकण्यापेक्षा चढून वळल्यावर विकणं शहाणपणाचं. प्रीमियम थोडा कमी मिळतो, पण झोप मिळते.

घड्याळ

एमसीएक्स सकाळी ९ ला उघडतं आणि अमेरिकेत उन्हाळी वेळ असताना रात्री ११:३० ला, एरवी ११:५५ ला बंद होतं. नायमेक्स मात्र दिवसातले २३ तास चालू असतं. उन्हाळी वेळेत त्यांचा दिवस आपल्या पहाटे ३:३० ला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे २:३० ला संपतो. म्हणजे रोज साडेनऊ तास तुमच्या दुकानाचं शटर खाली असतं आणि समोरचा बाजार त्यातला एक तास सोडला तर भरलेला असतो. त्या वेळात तुमचा स्टॉप लॉस (ठरावीक तोट्याला आपोआप बाहेर काढणारा ऑर्डर) झोपलेला असतो. ऑप्शनमध्ये तसाही स्टॉप लॉस लिमिट भावाचाच, म्हणजे ठरवलेल्या भावापेक्षा महाग न घेणारा, टाकावा लागतो. तुम्ही ८२ ला बाहेर पडायचं ठरवलंत आणि सकाळी पहिला भाव १६२ चा आला, तर तो ऑर्डर तसाच लटकून राहतो.

शनिवार-रविवार त्याहून वाईट. ओपेक प्लस या तेल निर्यातदार देशांच्या गटाच्या बैठका बऱ्याचदा सुट्टीच्या दिवशी होतात. १४ सप्टेंबर २०१९ ला शनिवारी सौदी अरेबियातल्या अबकैकच्या प्रक्रिया केंद्रावर हल्ला झाला, दिवसाला सुमारे ५७ लाख बॅरल उत्पादन थांबलं आणि सोमवारी डब्ल्यूटीआय १४ टक्क्यांहून जास्त चढून बंद झालं. उलट दिशेचं उदाहरण ९ मार्च २०२० चं. आदल्या शुक्रवारी व्हिएन्नात सौदी आणि रशियाचं फाटलं, सोमवारी डब्ल्यूटीआय जवळपास २५ टक्के पडलं. शुक्रवारी रात्री उघडा (हेज नसलेला) पुट विकून घरी गेलेल्याला सोमवारी सकाळी ९ वाजता करण्यासारखं काहीही उरलं नव्हतं.

आठवड्याचं वेळापत्रकही भिंतीवर लावण्यासारखं आहे. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती खात्याचा, म्हणजे ईआयएचा, तेलसाठ्याचा अहवाल बुधवारी येतो आणि गॅससाठ्याचा गुरुवारी. दोन्हींची वेळ त्यांच्याकडे सकाळी साडेदहा, आपल्याकडे उन्हाळी वेळेत रात्री ८, हिवाळ्यात ९. अमेरिकेत सोमवारी सुट्टी असेल तर तेलाचा अहवाल एक दिवस पुढे सरकतो. आकडा येण्याच्या पाच मिनिटं आधी आणि दहा मिनिटं नंतर खरेदी-विक्रीच्या भावांतलं अंतर असं फाकतं, की बाजारभावाने टाकलेला ऑर्डर कुठे लागेल याचा नेम नाही. या वेळात नवा सौदा नको, आणि बाहेर पडायचं असेल तर लिमिटनेच. सकाळचे ९ ते दुपार हा वेळही विकायला तितकासा बरा नाही. लांबच्या स्ट्राइकवर गिऱ्हाईकच नसतं. खरा बाजार संध्याकाळी साडेसहा-सातनंतर भरतो.

गॅस हे वेगळं जनावर आहे

क्रूडची आयव्ही शांत काळात ३०-४० टक्के असते, गॅसची ५० च्या वर असणं नेहमीचं आणि थंडीच्या तोंडावर त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे गॅसचे प्रीमियम जाडजूड दिसतात आणि विकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. गणित करू. गॅस ३०० रुपये, आयव्ही ६० टक्के, २० दिवस. पट्टा निघतो १४ टक्के, म्हणजे ४२ रुपये. लॉट १,२५० चा असल्याने ४२ रुपयांची किंमत ५२,५०० रुपये. क्रूडच्या लॉटचं एकूण मूल्य ५,८०,००० आणि पट्ट्याची किंमत ४७,५००. गॅसच्या लॉटचं मूल्य फक्त ३,७५,००० आणि हादरा मात्र क्रूडपेक्षा मोठा.

कारण साठवणूक. तेल टाकीत, जहाजात, कुठेही भरून ठेवता येतं, समुद्रापार नेता येतं. गॅस साठवायचा तर जमिनीखालच्या ठरावीक जागा. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर अमेरिकेत गॅस जमिनीखाली भरला जातो आणि नोव्हेंबर ते मार्च उपसला जातो. साठा कमी असताना थंडी लवकर पडली, तर मागणी थांबवता येत नाही, घरं गरम करावीच लागतात. म्हणून गॅसमध्ये हिवाळ्याच्या महिन्यांचे लांबचे कॉल महाग असतात आणि ते महाग असण्याला कारण असतं. हवामानाच्या अंदाजाची मॉडेलं दिवसातून अनेकदा नवे नकाशे काढतात, शनिवारी-रविवारीही. रविवारी रात्री नकाशावर दहा दिवसांनंतरचा निळा रंग गडद झाला की सोमवारी गॅप, म्हणजे भाव उडी मारूनच उघडतो.

नोव्हेंबर २०१८ मध्ये हेच झालं. साठा त्या हंगामासाठी अनेक वर्षांतला सर्वांत कमी होता आणि थंडी लवकर आली. १४ नोव्हेंबरला नायमेक्सवर गॅस ४.१० डॉलरवरून ४.८४ डॉलरवर बंद झाला, एका दिवसात १८ टक्के. नायमेक्सचा सौदा १०,००० एमएमबीटीयूचा, म्हणजे फ्युचरमध्ये प्रत्येक सौद्यामागे ७,४०० डॉलर. आपल्याकडच्या लॉटला तेव्हाच्या डॉलरच्या भावाने तेच साधारण ६६,००० रुपये होतात. फ्लोरिडातल्या टँपा शहरात जेम्स कॉर्डियर यांची ऑप्शनसेलर्स डॉट कॉम नावाची कंपनी ग्राहकांच्या खात्यांवर गॅसचे उघडे कॉल विकत असे. नावातच धंदा होता. सुमारे तीनशे ग्राहकांची खाती त्या आठवड्यात धुऊन निघाली. काहींच्या खात्यातले पैसे तर गेलेच, वर ब्रोकरचं देणं निघालं. कॉर्डियर यांनी ग्राहकांची माफी मागणारा व्हिडिओ काढला, तो जगभर फिरला.

पण या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट दुसऱ्या दिवशी घडली. १५ नोव्हेंबरला गॅस ४.०४ डॉलरवर परत आला. आदल्या दिवशीची सगळी चढ पुसली गेली. म्हणजे ‘भाव इतका वर टिकणार नाही’ हा विक्रेत्याचा अंदाज बरोबरच निघाला. फक्त ज्याचं मार्जिन (ब्रोकरकडे ठेवावी लागणारी अनामत) १४ तारखेला संपलं त्याचे सौदे कापले गेले होते, आणि बरोबर ठरण्याचा त्याला काही उपयोग नव्हता. त्याच महिन्यात क्रूड उलट दिशेने कोसळत होतं, १३ नोव्हेंबरला ७ टक्के पडलं. एकीकडे क्रूडचे पुट आणि दुसरीकडे गॅसचे कॉल विकून ‘जोखीम वाटली’ असं कुणी समजला असेल तर त्याला दोन्ही बाजूंनी मार बसला.

पुटवाल्यांनाही गॅस सोडत नाही. जून २०२२ मध्ये टेक्ससमधल्या फ्रीपोर्टच्या एलएनजी (द्रवरूप गॅस) निर्यात केंद्रात आग लागली. केंद्र लवकर सुरू होणार नाही असं १४ जूनला कळलं आणि निर्यात न झालेला गॅस देशातच तुंबणार म्हणून भाव एका दिवसात १६ टक्के पडला.

किती लॉट

या धंद्यात सगळ्यात कमी बोलला जाणारा आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे. स्ट्राइकवर तासन्‌तास चर्चा होते, लॉट मात्र मार्जिन बघून ठरतात. समजा खात्यात ५ लाख आहेत आणि ६,३०० च्या उघड्या कॉलला लॉटमागे सव्वा लाख मार्जिन लागतंय. चार लॉट बसतात. चार गुणिले ४,१००, म्हणजे महिन्याला सोळा हजार. तोंडपाठ हिशेब.

आता उलट बाजूने करू. क्रूडला १५ टक्क्यांचा एक वाईट सोमवार धरायचा. तो येऊन गेलेला आहे, कल्पनेतला नाही. भाव ६,६७०, आयव्ही ५५. तो कॉल ५४० च्या आसपास निघतो. लॉटमागे तोटा ५०,०००, चार लॉटचे २ लाख, म्हणजे खात्याचे ४० टक्के. आणि त्याच सकाळी एक्स्चेंज मार्जिनही वाढवतं, कारण स्पॅन मार्जिन (एक्स्चेंज जोखमीवरून मोजतं ते) अस्थिरतेवरच चालतं. म्हणजे तोटा आणि वाढीव मार्जिन एकाच वेळी दारात. बहुतेक खाती अशा दिवशी भाव स्ट्राइकपार गेला म्हणून नाही, तर मार्जिनच्या तुटवड्याने मरतात. ब्रोकरची जोखीम शाखा दिवसातल्या सर्वांत महाग भावाला तुमचा सौदा कापते.

म्हणून लॉट वाईट दिवसावरून काढायचे. एका दिवसात खात्याचे जास्तीत जास्त किती टक्के गेलेले चालतील ते आधी लिहायचं. दहा म्हणा. ५ लाखांचे दहा टक्के ५०,०००. वाईट सोमवारी लॉटमागे ५०,००० जातात. म्हणजे एक लॉट. चार नव्हे. क्रूडला १५ आणि गॅसला २० टक्क्यांची परीक्षा घ्यायची, दोन्ही दिशांना. निम्म्याहून जास्त मार्जिन मोकळं ठेवायचं. असं केलं की महिन्याची कमाई ४,१०० वर येते आणि बऱ्याच लोकांचा या धंद्यातला रस तिथेच संपतो. तो संपलेला बरा, कारण या जोखमीला बाजार एवढीच मजुरी देतो.

पंख लावून विकणं

उघडा कॉल विकण्याऐवजी ६,३०० चा विकून ६,६०० चा पंख म्हणून विकत घेतला तर? वरच्याच आकड्यांवर ६,६०० चा कॉल १२ रुपयांना पडतो. हातात राहतात २९, म्हणजे २,९०० रुपये. जास्तीत जास्त तोटा ३०० वजा २९, म्हणजे २७१ रुपये, लॉटमागे २७,१००. क्रूड आठ हजार झालं तरी तेवढाच.

सुरुवातीच्या त्या सकाळी या जोडीचं, म्हणजे स्प्रेडचं, काय झालं असतं? विकलेला कॉल ४१ चा १६२ झाला, घेतलेला १२ चा ८१. निव्वळ तोटा ५,२००, उघड्या कॉलचे १२,१००. मार्जिनही बरंच कमी लागतं. प्रीमियमचा तीस टक्के भाग देऊन तोट्याला छत मिळतं आणि ते छत शटर खाली असतानाही जागं असतं. गॅपवर चालणारे इलाज दोनच, एक हा आणि दुसरा म्हणजे लॉट कमी ठेवणं. सौदा टाकताना आधी विकत घ्यायचा, मग विकायचा, म्हणजे मार्जिन आधीपासून कमी लागतं. बाहेर पडताना उलट, आधी विकलेला परत घ्यायचा. घाईत आधी पंख विकून टाकला की दोन मिनिटांसाठी का होईना उघडे पडता, आणि मार्जिन कमी असेल तर दुसरा ऑर्डरच फेटाळला जातो.

मिनी लॉटवर स्प्रेड करताना एक हिशेब विसरू नका. १० बॅरलवर २९ रुपये म्हणजे २९० रुपये. ऑर्डरमागे २० रुपये दलाली धरली, तर दोन आत आणि दोन बाहेर मिळून ८०, जीएसटीसह ९४. वर एक्स्चेंजचे आकार आणि विक्रीवरचा सीटीटी हा कर. कमाईचा तिसरा हिस्सा इथेच गेला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिकण्यासाठी मिनी उत्तम, कमाईचं गणित त्यावर बसवू नका.

स्ट्रँगल, म्हणजे कॉल आणि पुट दोन्ही विकणं, यात एका बाजूचं मार्जिन जवळजवळ फुकट पडतं म्हणून ते फार लोकप्रिय आहे. क्रूड एका पट्ट्यात घुटमळत असेल तर चालतं. पण तेल एकदा निघालं की आठवडेच्या आठवडे एकाच दिशेने चालतं. मग लोक जिंकणारी बाजू जवळ ओढत नेतात, भाव वळतो आणि तीच बाजू अंगावर येते. ज्याला अशी ओढाताण करण्याची खुमखुमी आवरत नाही त्याने स्ट्रँगल विकू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बाहेर कधी पडायचं

४१ ला विकलेला कॉल दहा-बारा दिवसांत २० वर आला तर परत घेऊन मोकळं व्हावं. उरलेल्या २,००० रुपयांसाठी आणखी एक-दोन शनिवार-रविवार, दोन बुधवार आणि एक ओपेकची बैठक अंगावर घेण्यात अर्थ नाही. तोट्याच्या बाजूने प्रीमियम दुप्पट झाला की निघायचं, हा साधा नियम पुष्कळांना पुरतो. गॅपमध्ये तो मोडतो हे वर आलंच.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत जवळचे ऑप्शन विकणं हा निफ्टीतला आवडता खेळ इथे आणू नका. क्रूड ५,८०० आणि एक्सपायरीला दोन दिवस असताना ५,९०० चा कॉल साधारण २३ रुपयांना मिळतो. संध्याकाळी भाव ३ टक्के चढला, जे क्रूडला काहीच नाही, तर तोच कॉल शंभरी ओलांडतो.

एक्सपायरी आणि गळ्यात पडणारं फ्युचर

क्रूडचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे, म्हणजे मधे कुणी ते अंमलात आणत नाही. पण एक्सपायरीला पैशात असलेला ऑप्शन रोखीत मिटत नाही, त्याचं फ्युचर होतं. विकलेला कॉल असेल तर तुमच्याकडे स्ट्राइकच्या भावाने शॉर्ट (विक्रीचं) फ्युचर येतं, विकलेला पुट असेल तर लाँग (खरेदीचं). ५,८०० चा पुट विकला होता आणि एक्सपायरीला फ्युचरचा सेटलमेंट भाव ५,६५० ठरला, तर ५,८०० चं लाँग फ्युचर आणि त्यावर १५,००० चा तोटा त्याच रात्री खात्यात. शिवाय फ्युचरचं पूर्ण मार्जिन. त्याची तयारी म्हणून एक्सपायरीच्या जवळ मार्जिन वाढवलंही जातं. बरेच ब्रोकर पैसे नसतील तर एक्सपायरीच्या दिवशी दुपारीच सौदा कापतात, आणि कधी कापायचा हे त्यांच्या मर्जीवर असतं.

फ्युचर स्वतः ऑप्शननंतर सहसा दोन कामकाजाच्या दिवसांनी संपतं आणि त्याचा शेवटचा भाव नायमेक्सच्या सेटलमेंटवरून ठरतो. तो तिथे दुपारी अडीचला निघतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळी वेळेत रात्री बाराला, एमसीएक्स बंद झाल्यावर. २० एप्रिल २०२० ला हेच घडलं. टाळेबंदीमुळे एमसीएक्स त्या दिवसांत संध्याकाळी ५ लाच बंद होत होतं आणि एप्रिलचा सौदा नऊशेच्या घरात थांबला होता. मध्यरात्रीच्या सुमाराला नायमेक्सवर मेचं डब्ल्यूटीआय उणे ३७.६३ डॉलरवर मिटलं. एमसीएक्सने शेवटचा भाव ठरवला उणे २,८८४ रुपये. एका लॉटला पावणेचार लाखांहून जास्त फटका, आणि संध्याकाळी ५ नंतर बाहेर पडायला दारच नव्हतं. पुटचा सर्वांत मोठा तोटा म्हणजे भाव शून्यावर जाणं, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य त्या रात्री निकालात निघालं. नायमेक्स चालवणाऱ्या सीएमईने दोनच दिवसांत, २२ एप्रिलपासून, तेलाच्या ऑप्शनसाठी उणे भाव चालणारं बॅशेलियरचं सूत्र लागू केलं.

गॅसमध्ये शेवटचा दिवस किती बिघडू शकतो ते २७ जानेवारी २०२२ ला दिसलं. फेब्रुवारीचं फ्युचर आपल्या अखेरच्या दिवशी ४६ टक्के चढून मिटलं, दिवसभरात तर त्याहूनही वर जाऊन आलं.

तेव्हा एक्सपायरीच्या आठवड्यात काम सोपं ठेवा. विकलेला ऑप्शन स्ट्राइकच्या आसपास घुटमळत असेल तर आदल्या संध्याकाळी, बाजारात गर्दी असताना, लिमिट भावाने परत घ्या. दहा-पंधरा रुपये जास्त गेले तरी जाऊ द्या. लांबचा, दोन-तीन रुपयांवर आलेला असेल तरी तोही घेऊन टाका. २०० रुपयांत तो लॉट मोकळा होतो आणि मार्जिन सुटतं. फ्युचर गळ्यात पडलंच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला पहिल्यांदा ते कापा, चहा नंतर.